मंडळीने म्हणावे : होय

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. अकरा वाजून गेले होते, उपदेश लांबला होता, डाव्या बाजूचे दोन पंखे नेहमीप्रमाणे नुसतेच लटकत होते. लांब पांढऱ्या झग्यातलं बाळ आईच्या दंडाला घामाने चिकटलेलं. पाळकसाहेबांनी आधी आईबापाला विचारायचे ते प्रश्न विचारले. बापाचा आवाज बसलेला होता, आईची उत्तरं त्याच्या आधीच येत होती. मग पाळकसाहेबांनी पुस्तकावरची नजर उचलली आणि आमच्याकडे वळून विचारलं, की या बाळाला विश्वासात वाढवण्याच्या कामी तुम्ही मंडळी याच्या आईवडिलांना साथ द्याल काय. पुस्तकात अशा ठिकाणी बारीक तिरक्या अक्षरांत ‘मंडळीने म्हणावे’ असं छापलेलं असतं. आम्ही शंभरेक जण एका सुरात म्हणालो, “होय, देवाच्या साहाय्याने देऊ.” मीही म्हणाले, चांगलं खणखणीत. त्या क्षणी मनात काय होतं तेही सांगून टाकते. दुपारी नणंद जेवायला येणार होती आणि निघताना मटणाखालचा गॅस बंद केला की नाही, हे मला काही केल्या आठवत नव्हतं.

गॅस बंद होता. घरी गेल्यावर सासूबाईंनी पलंगावरूनच विचारलं, “काय नाव ठेवलं गं पोरीचं?” त्यांचे गुडघे धरल्यापासून त्या येत नाहीत, पण त्यांना सगळं सविस्तर लागतं. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. झगा आठवत होता, झग्याची लेस आठवत होती, पाणी डोक्यावर पडल्यावर ती कशी दचकली तेही आठवत होतं. नाव मात्र गेलं होतं. बाप्तिस्म्यात नाव मोठ्याने घेतात, त्यासाठीच तर तो विधी. सासूबाई म्हणाल्या, “मग होय कुणासाठी म्हणून आलीस?” त्या गमतीने म्हणाल्या. पण कांदा कापताना, भांडी लावताना, रात्री कूस बदलताना ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

मराठीत एक सोय आहे, किंवा गैरसोय म्हणा. बापालाही ‘वडील’ म्हणतात आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनाही ‘वडील’च म्हणतात. आपल्या बायबलात मोशे इस्राएलाच्या वडिलांना बोलावतो, पौल मंडळ्यांसाठी वडील नेमतो. लहानपणी माझा यात फार गोंधळ व्हायचा. माझे पप्पा दोन्ही होते. घरात आमचे वडील आणि चर्चमध्ये सगळ्यांचे. शाळेत ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापुढे त्यांचं नाव लिहायचं आणि चर्चच्या भिंतीवरच्या पाटीत ‘वडील मंडळ’ या मथळ्याखालीही तेच नाव. मला वाटायचं बाकीच्यांना एकच बाप असतो, आपल्याला दोन आहेत. पुढे कळलं की दोन पाट्यांवर असलेला माणूस बहुतेक वेळा दोन्हीकडे अर्धाच सापडतो.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की सायकल थेट घरी येत नसे. कोणी आजारी, कोणाचा नवरा-बायकोचा तंटा, कोणाच्या पोराला बोर्डिंगात घालायचंय, कोणाच्या घरी आठवडाभर चूल धड पेटलेली नाही. या सगळ्या घरांत ते जायचे, बसायचे, प्रार्थना करून उठायचे. घरी यायला नऊ-साडेनऊ. तोवर आमची कौटुंबिक प्रार्थना मम्मीने उरकलेली असे. ती स्टोव्हवरचं दूध उतरवायची, कंदिलाची वात कमी करायची (दिवे जायचेच) आणि गायन सुरू करायची. आवाज चांगला होता, पण सूर खाली लावायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. धाकटा भाऊ दुसऱ्या कडव्याला पेंगायचा. तिसऱ्या कडव्यानंतर मम्मी त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि ‘आमेन’ला हलकीच थाप मारायची. ती थाप म्हणजे आमचा आमेन. अजूनही कोणी पाठीवर थाप मारली की मला आपसूक डोळे उघडावेसे वाटतात.

बैठकीच्या खोलीत दाराच्या वर एक काचेची चौकट होती. काळ्या मखमलीवर चंदेरी अक्षरं : ‘मी आणि माझे घराणे, आम्ही तर परमेश्वराची सेवा करणार.’ नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत फिरा, दहातल्या सहा घरांत हे वाक्य भिंतीवर सापडेल. लग्नात आहेर म्हणूनही हीच चौकट येते. मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेल्या यहोशवाचं वाक्य. म्हातारा झालेला यहोशवा सगळ्या वंशांना, त्यांच्या वडीलजनांना आणि न्यायाधीशांना शखेमात गोळा करतो आणि सांगतो, कोणाची सेवा करायची ते आज निवडा, माझ्या घराचं मी ठरवलंय. चौकट इथे संपते. पुढचं मी पहिल्यांदा नीट वाचलं ते कॉलेजात असताना, आणि चमकले. लोक उत्साहाने म्हणतात, आम्हीही करणार. तर हा पुढारी त्यांना म्हणतो, तुमच्याच्याने होणार नाही! एवढी मोठी सभा जमवायची, लोक हात वर करायला तयार, आणि व्यासपीठावरच्या माणसाने म्हणायचं, जमायचं नाही तुम्हाला. असला पुढारी मी तरी पाहिला नाही. लोक पुन्हा हट्टाने हो म्हणतात, तेव्हा तो म्हणतो, मग तुम्हीच तुमचे साक्षी. आणि एक मोठा धोंडा उचलून एला झाडाखाली उभा करतो, की यानेही ऐकलंय. यहोशवाच्या स्वतःच्या मुलाबाळांचा मात्र बायबलात कुठे उल्लेख नाही. ज्या घराण्याच्या नावाने आम्ही चौकटी टांगतो, त्या घराण्याचं पुढे काय झालं ते कोणीच लिहून ठेवलं नाही. पुढचं पुस्तक, ‘शास्ते’, उघडलं की दुसऱ्याच अध्यायात येतं : त्यांच्यामागून दुसरी पिढी उदयास आली, तिला परमेश्वराची ओळख नव्हती. एका पिढीचा हिशेब. धोंडा बहुधा तिथेच होता.

आमच्याकडे तरी ‘मी’ आणि ‘माझे घराणे’ कधी सरळ एका ओळीत आले? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो एकट्याने. घराणं मागे राहिलं, रडत, चिडत, सोवळं सांभाळत. लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने आल्या त्या पाच वर्षांनी, १९०० साली. तो ‘मी’चा करार होता, ‘घराणे’ त्याला नंतर जोडलं गेलं, आणि माझ्या मते ते जास्त पक्कं जोडलं गेलं. आमच्या बाजूला गोष्ट उलटी. नगरच्या खेड्यांतले बहुतेक जण महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून आलेले. आमचं घरही त्यातलंच. तिथे एकट्याने काही ठरवायची रीतच नव्हती. कर्त्या माणसांनी चावडीबाहेर, झाडाखाली बसून रात्र-रात्र खल केला आणि मग चार-पाच घरं मिळून निघाली. आमच्या खापरपणजोबांचं एक वाक्य घरात चालत आलंय : “जायचं तर म्हातारीला धरून जायचं, नाहीतर कोणीच जायचं नाही.” म्हातारी म्हणजे त्यांची आंधळी आई. शहरी, शिकलेली माणसं अशा सामुदायिक बाप्तिस्म्यांना नाकं मुरडायची, ‘यांना काय कळलं असेल’ म्हणून. मीही तरुणपणी मुरडलंय. आता वाटतं, मोशेच्या समोर मवाबात देवाशी करार करायला जी गर्दी उभी होती, तिच्यातल्या किती जणांना कळलं होतं?

त्या गर्दीची यादी मला फार आवडते. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात मोशे म्हणतो, आज तुम्ही सगळे उभे आहात. मग मोजतो : वंशांचे प्रमुख, वडील, अंमलदार, पुरुष, मुलंबाळं, बायका, छावणीतला उपरा, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत. वरून सुरू होऊन पाणी भरणाऱ्यापर्यंत येतो आणि तिथेही थांबत नाही. म्हणतो, हा करार आज इथे आहेत त्यांच्याशी आणि आज इथे नाहीत त्यांच्याशीही. म्हणजे माझ्या न जन्मलेल्या नातवाची सही तिथे आधीच झालेली. कायद्याच्या दृष्टीने हा भयंकर कागद आहे, कोणताही वकील फाडून टाकील. पण कोणा एकाच्या खांद्यावर तो दिलेला नाही, हेही खरं. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटण्याच्या, रात्रीचंच बघा. मोशे सांगतो वडीलजनांना, वडीलजन सांगतात घराघरांना, कोकरू घरटी एक, रक्त ज्याच्या त्याच्या दाराच्या चौकटीला. पण घर लहान असेल, एक कोकरू संपायचं नाही, तर काय? तर शेजाऱ्याला बोलवा, माणसं मोजा आणि दोघांत एक घ्या. देवाचा एवढा मोठा दिवस, फारोचं साम्राज्य हादरणार, आणि मध्येच हा स्वयंपाकघरातला हिशेब. मला तर हे मम्मीनेच घुसडलेलं वाटतं. पुढे म्हटलंय की मुलं विचारतील, हे सगळं कशासाठी? तेव्हा सांगा. मुलांनी विचारायचं हे गृहीत धरलंय.

आमच्या घरात भावाने विचारायचं थांबवलं, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तो दहावीत नापास झाला तेव्हापासून असेल. आधी संडे स्कूल सुटली, मग उपासना, मग रविवारी सकाळी तो घरातच नसायचा. एसटी स्टँडमागच्या टपरीवर बसायचा. तिथली मंडळी वेगळी. पप्पा दुसऱ्यांच्या पोरांना समजावायला गावभर फिरत होते आणि आपल्या पोराशी एकाच स्वरात बोलत होते, मास्तरांच्या. एका नाताळात मुलांचं नाटक चालू असताना तो पिऊन आला आणि मागच्या बाकावर आडवा झाला. गव्हाणीतल्या बाहुलीकडे बघून काहीतरी मोठ्याने बोलला; लोक हसले, मग हसायचे थांबले. पप्पा पुढच्या रांगेत होते. ते उठले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. मम्मी उठली, पदर खोचला, आणि दोन मुलांच्या मदतीने त्याला बाहेर नेलं.

महिन्याभरात मंडळीची वार्षिक सभा होती. हिशेब झाले, कंपाउंडच्या जागेवरून तास-दीड तास वाद झाला (आमच्या सभांमध्ये जमिनीला दीड तास आणि संडे स्कूलला पाच मिनिटं, हे प्रमाण मी लहानपणापासून बघत आलेय), आणि मग एक गृहस्थ बायबल घेऊन उभे राहिले. नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. त्यांनी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन वाचलं : ज्याला स्वतःच्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील? वाचलं आणि बसले. एक अक्षरही वर बोलले नाहीत. पप्पांनी खिशातलं पेन काढलं, हिशेबाच्या कागदाच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या आणि तो कागद पाळकसाहेबांपुढे सरकवला. पाटीवरचं नाव पुढच्या रंगकामात गेलं. घरी आल्यावर मम्मी एवढंच म्हणाली, “बरं झालं. आता संध्याकाळची प्रार्थना तुम्ही घ्या.” मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता.

त्या वचनात चूक काही नाही. पण मला आज त्या सभेतली एक वेगळीच गोष्ट सलते, आणि ती कळायला या बाळाचा बाप्तिस्मा व्हावा लागला. भावाच्या बाप्तिस्म्याला त्या गृहस्थांसकट सगळी मंडळी हजर होती. पप्पांच्या बायबलात तारीख आहे. तेव्हाही पाळकसाहेबांनी पुस्तकावरची नजर उचलली असणार, आणि मंडळीने म्हणायचं ते म्हटलं असणार. सभेत हिशेब विचारला गेला तो एकट्या बापाला. बाकी शंभर ‘होय’ कोणत्या वहीत मांडले होते?

एलीची गोष्ट पप्पा घरात कधी वाचायचे नाहीत. मी मोठेपणी एकटीने वाचली. शिलोच्या मंदिरातला हा याजक, चाळीस वर्षं इस्राएलाचा न्याय केलेला. त्याची पोरं हफनी आणि फिनहास. लोक यज्ञाचं मांस शिजवत असले की यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, मडक्यात, कढईत, जिथे असेल तिथे खुपसायचा, आणि काट्याला लागेल ते सगळं याजकाचं. आणि चरबी जाळायच्याही आधी कच्चं मांस मागायचा, नाही दिलं तर हिसकावून. याहून वाईटही काही होतं, ते सांगत नाही. एली त्यांना बोलला. आपण म्हणतो तो बोललाच नाही, पण तो बोलला, लांबलचक बोलला. “माझ्या मुलांनो, लोक बोलतात ते बरं नाही.” म्हातारा बोलत राहिला आणि ताटात मांस येत राहिलं. देवाचा माणूस येऊन त्याला हेच सुनावतो, की उत्तम उत्तम भाग खाऊन तुम्ही लठ्ठ झालात. बहुवचनात. शेवटी लढाईची बातमी येते तेव्हा एली वेशीजवळ आसनावर बसलेला आहे, वय अठ्ठ्याण्णव, डोळे गेलेले. सैन्य पळालं, ऐकतो. दोन्ही मुलगे मेले, ऐकतो, तरी बसलेला. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेला हे ऐकलं, तेव्हा आसनावरून मागे पडला आणि मान मोडली. मुलांच्या मरणाने न हललेला बाप कोशाच्या नावाने कोसळतो, हे वाचून मला पुढच्या रांगेत, मागे न वळता बसलेले पप्पा आठवले. त्यांना मुलाची लाज वाटत होती की मंदिराची? कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जाते. ज्या एलीला आपली दोन पोरं सांभाळता आली नाहीत, त्याच्याच पदरी हन्नाने आपला दूध तुटलेला शमुवेल नेऊन घातला. आई दर वर्षी त्याच्या मापाचा छोटा झगा शिवून न्यायची. वर्षभरात पोर किती वाढलं असेल याचा अंदाज घरी बसून करायचा, शिवायचा, आणि तिथे जाऊन घालून बघायचा. प्रत्येक आईला कळेल त्यात काय काय आहे. रात्री पोराला हाक ऐकू आली तर तो धावत एलीकडेच जायचा, एकदा, दोनदा, तीनदा. आणि त्या अर्ध्या आंधळ्या, नापास बापानेच त्याला शिकवलं की पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं. घरात हरलेला माणूस दुसऱ्याच्या मुलाला उपयोगी पडला. बरं, त्याच शमुवेलाचे मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेब्यात न्याय करायला बसले आणि लाच खाऊ लागले! वडीलजन येऊन शमुवेलाला तोंडावर सांगतात, तुम्ही म्हातारे झालात, तुमची मुलं तुमच्या मार्गाने चालत नाहीत. तीमथ्याचं ते वचन घेऊन शिलोपासून चाळणी लावत आलात तर पाटीवर ठेवायला नाव उरणार नाही.

ठाण्यात नोकरीला होते तेव्हा शेजारच्या टेबलावर एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, ताई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एकदा त्यांच्या घरी मलिदा खायला गेले. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळांच्या फोडी. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली बोटभर डबी होती. ताईंनी आत शिरताना तिला बोट लावून बोट ओठांना टेकवलं, पर्सची चेन लावता लावता, इतक्या सवयीने. आत गुंडाळीवर शमा, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना, लिहिलेला असतो, म्हणाल्या. अनुवादाचा सहावा अध्याय : हे शब्द मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलत राहा, दाराच्या चौकटीवर लिही. मला तो अध्याय संडे स्कूलमध्ये पाठ होता, पण चौकट म्हणजे खरोखरची सागवानी चौकट, हे तिथे कळलं. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या ना धर्मगुरू, ना पोथी. शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि एवढा एक शमा, असं घराघरांनी धरून ठेवलं. पुढे कोणी दाविद रहाबी आला, त्याने हे ओळखलं, शिकवलं आणि तीन घराण्यांतले तिघे नेमले, काजी म्हणून. म्हणजे आधी घरं, मग पुढारी. सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ सालचं. ताई म्हणाल्या, “आमच्या आजीला शमाचा अर्थ येत नव्हता हो. पण तो म्हणताना ती डोळ्यांवर हात ठेवायची, म्हणून आम्ही पण ठेवतो.” मी मटणाचा रस्सा आठवत ‘होय’ म्हणणारी, मला त्या आजीचा हात आठवला की जरा धीर येतो.

पुढाऱ्यांना यातून सूट आहे असं मात्र नाही. अनुवादातच म्हटलंय की राजा गादीवर बसला की नियमशास्त्राची प्रत त्याने स्वतःसाठी लिहून काढायची आणि जन्मभर वाचायची, आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला वरचढ समजू नये म्हणून. (मास्तरीण असल्यामुळे मला ही शिक्षा परिचयाची आहे.) आणि यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधून घेणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तर चर्चच्या सभांमध्ये हिशेबाआधी वाचावा असा आहे. नावंच नावं, म्हणून लोक तो गाळतात. यरुशलेमेचा कोट पडलाय आणि बांधायला कोण? मुख्य याजक स्वतः पहिला दरवाजा घेतो. सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, व्यापारी आहेत. कितीतरी जणांपुढे लिहिलंय, ‘आपल्या घरासमोरचा भाग’. शल्लूम म्हणून एक अर्ध्या जिल्ह्याचा अधिकारी. त्याने बांधलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुलींनी. मुलींचा उल्लेख मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलाय. तकोवाच्या लोकांनीही बांधलं, पण त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही. तेही नोंदलंय, अडीच हजार वर्षं. कोट बावन्न दिवसांत झाला. पण मध्येच बायकापुरुषांची ओरड उठते, की आमची शेतं गहाण पडली, मुली दासी म्हणून गेल्या, आणि सावकार कोण, तर आमचेच मोठे लोक. समोर भिंत बांधायची आणि मागे घर विकायचं. नहेम्या चिडतो, सभा घेतो, व्याज सोडायला लावतो आणि आपल्या कपड्याचा ओचा झटकून सांगतो, जो शब्द मोडेल त्याला देव असाच झटको. लोक म्हणतात, आमेन. तो आमेन मम्मीच्या थापेसारखा लागला असेल पाठीवर.

आमच्या चर्चची घंटा वाजवायला एक म्हातारी होती. नवरा घंटा वाजवायचा, तो गेल्यावर दोर हिने धरला. मंडळीने काही ठरवलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. तिचं घर एसटी स्टँडच्या वाटेवर. भाऊ टपरीवरून परतताना तिच्या दारावरून जायचा. ती हाक मारायची, “चहा टाकलाय, ये.” वचन नाही, प्रार्थना नाही, उपदेश तर नाहीच, तिला वाचताही येत नव्हतं. “जेवला का?” एवढंच विचारायची. काही वर्षं हे चाललं होतं, आम्हाला घरात पत्ताही नव्हता. परवा मी भावाला फोन केला. तो चाकणला असतो, स्वतःचे दोन टेम्पो आहेत, पिणं सुटून बारा वर्षं झाली. मी त्याला बाळाची, मटणाची सगळी गोष्ट सांगितली. खूप हसला. मग मी विचारलं, आजीमुळे सुटली का रे तुझी? “छे गं,” म्हणाला. “दारू डॉक्टरने सोडवली. आजीने चहा पाजला.” थोडा वेळ दोन्हीकडे शांत. मग तो म्हणाला, “पण ती बोलवायची तेव्हा माझं पूर्ण नाव घ्यायची, बाप्तिस्म्याचं. बाकी सगळे मास्तरांचा पोरगा म्हणायचे.”

मी विचारलं, तुझ्या बाप्तिस्म्याला ती असेल? तो म्हणाला, घंटा कोणी वाजवली असेल मग?

पप्पांच्या बायबलाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक यादी आहे. चोवीस नावं, सगळी मंडळीतल्या मुलांची. काही आज आजोबा झालेत. काहींपुढे बारीक खूण. माझं नाव त्यात नाही, भावाचंही नाही. पप्पा गेल्यावर ती सापडली तेव्हा मी मम्मीला दाखवली, जरा कडवटपणेच. ती चष्मा लावून सगळी नावं वाचत गेली, बोट फिरवत, आणि म्हणाली, “घरच्यांची कशाला लिहितील? ती पाठ होती.” खरं असेल. किंवा तिला खरं मानायचं असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि पेन्सिल आता पुसट होत चाललीय.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चिंचेखाली चहा होता. ती मुलगी, बाळाची आई, पायरीशी उभी होती, खांद्याला पिशवी, एका हातात बाटली, कडेवर पोर. मी गेले आणि सरळ विचारलं, “नाव काय हो हिचं? त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.” ती हसली. नाव सांगितलं. मी दोनदा म्हणून पाहिलं. पोरीने माझ्या चष्म्याकडे हात नेला. “मावशी, जरा धरता का हिला? मी चप्पल घालते,” असं म्हणत तिने पोर माझ्याकडे दिलंच. दुधाचा आणि जॉन्सनच्या पावडरीचा वास, मानेची घडी घामेजलेली, आणि एवढ्याशा जिवाचं वजन बरंच. पायरीपलीकडे तिची कोणी मैत्रीण भेटली, दोघी बोलायला लागल्या. कोणीतरी माझा चहा कट्ट्यावर ठेवून गेलं, त्यावर साय धरली.

चप्पल घालायला तिला बराच वेळ लागला.